स्टेअरिंगची ट्राम

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली, विजेची १९०७ साली आली आणि १९६४ साली ट्राम कायमची बंद पडली. हे तीन आकडे पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. विट्याजवळच्या आमच्या गावातल्या गणेश मंडळाला दोन महिने पुरले नाहीत.

यंदा त्यांनी ट्रामचा जिवंत देखावा केला. उसाच्या ट्रॉलीवर प्लायवूडचा डबा, वर विजेची तार आणि पुढे पुठ्ठ्याचे दोन घोडे. तार असताना घोडे कशाला, असं विचारल्यावर अध्यक्ष म्हणाला, "शोभेला." डब्यात मोडीतल्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग बसवलं होतं. ट्राम रुळावरून जाते, तिला स्टेअरिंग नसतं, हे डोळ्यांनी पाहिलेला गावात एकच माणूस उरलाय: माझे वडील, वय अठ्ठ्याऐंशी. ते स्टेअरिंग धरायला नेमकं त्यांनाच बसवायचं ठरलं.

वडील ट्रामवर सहा वर्षं सांधेवाले होते. चौकात उभं राहून पहारीने रूळ बदलायचा, खाचेतली खडी काढायची आणि ट्राम आपल्या वाटेला लावायची. ट्राम त्यांनी एक फूटही चालवली नाही. मंडळाने मात्र "मुंबईची शेवटची ट्राम चालवणारे आपले तात्या" असं निवेदन रेकॉर्ड करून ठेवलं. वडिलांचं मागणं एवढंच होतं, की ते वाक्य बदला.

"आवं तात्या, सांधेवाला बघाय कोण येतंय?"

"मग मला कशाला बसवताय रं?"

"रेकॉर्डिंग झालंय आता."

पहिल्या दिवशी वडील बसले. निवेदन संपताच त्यांनी माईक मागून घेतला. "मी ट्राम चालवली न्हाई. मी सांधं बदलायचो."

"बघा, किती साधा माणूस हाय," अध्यक्ष म्हणाला. टाळ्या पडल्या. वडील खाली उतरले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. "वाक्य काढा, मग येतो," वडील म्हणाले. वाक्य कुणी काढलं नाही. त्यांच्या जागी विट्यापलीकडे फारसा न गेलेला एक म्हातारा बसवला. त्याने स्टेअरिंग गरागरा फिरवलं, तेव्हा टाळ्या जास्त पडल्या.

निवेदन वडिलांच्याच नावाने रोज सहा वेळा वाजत होतं. कर्णा आमच्या दारासमोरच्या खांबावर होता. विसर्जनापर्यंत वडिलांनी दार लावून घेतलं.