वाऱ्याची तंगडी

म्हाळूला उभ्या जन्मात कुणी चोर म्हणालं नव्हतं. घाटनांदूरच्या माळावर मेंढरं वळण्यात त्याची हयात गेलेली. चुकलेली शेळी सापडली तरी दारोदार विचारून परत करणारा गडी. पण धडसं कापड दिसलं की त्याला राहवत नसे.

महिन्यामागं वावटळ झाली आणि माळावरल्या विमानांच्या धावपट्टीच्या खांबावरची भगवी-पांढरी कापडी नळी तुटून बाभळीत अडकली. पायजम्याच्या एका पायासारखी दिसायची, म्हणून गावात तिला वाऱ्याची तंगडी म्हणत. म्हाळूनं ती घरी नेली, त्याच्या बायकोनं, भामाबाईनं, तिचं एक तोंड शिवलं आणि कोकरू ठेवायला फक्कड झोळी झाली.

"रामकिसनला इचारलं का?" भामाबाई म्हणाली. रामकिसन धावपट्टीचा राखणदार.

"आता कुठलं इमान उतरतंय हितं," म्हाळू म्हणाला.

आणि आलं ना. भर दुपारी, वारा पिसाळलेला असताना. घडीत इकडून झोत, घडीत तिकडून. छोटं शिकाऊ विमान टेकता टेकता एका अंगावर कललं, पंख जमिनीला घासला आणि ते गरकन फिरून चारीत उलथलं. मेंढरं उधळली तरी म्हाळूला शुद्ध नव्हती. मग तो पळत सुटला.

आत एकटी तरणी पोर होती. त्यानं विळ्यानं पट्टा कापला, तिला लांब ओढून नेलं, खांद्यावरच्या झोळीतलं कोकरू खाली सोडलं आणि झोळी घडी करून तिच्या डोक्याखाली दिली.

"सॉक," ती पुटपुटली. "सॉक दिसलाच नाही."

तिच्या एका पायातला बूट मोज्यासकट गेला होता. नातवाच्या शाळेचे सॉक्स म्हाळूला ठाऊक होते. तो येड्यागत गवतात हुडकत राहिला आणि सापडलेला मोजा त्यानं तिच्या हातात ठेवला. ती मान हलवत "सॉक, सॉक" म्हणत राहिली.

तेवढ्यात रामकिसन धापा टाकत आला. "मोजा न्हाई बे. खांबावरली तंगडी म्हणती ती. तिच्यावरून वारा कळतो त्यायला. नवी मागवलीया, आली न्हाई. जुनी घावली असती तर तीच बांधली असती. वावटळीनं नेली, काय करावं."

म्हाळूनं खाली पाहिलं. पोरीच्या कपाळातलं रक्त भगव्या कापडात मुरत होतं. गप्प बसला असता तर कुणालाही कळलं नसतं, रामकिसननं वावटळीचं नाव घेतलंच होतं.

तो तिच्याजवळ खाली बसला.

"वावटळीनं न्हाई," तो म्हणाला. "म्या नेली. तुज्या डोक्याखाली हाय, माय."