चाळीस वर्षांचे कोरे ब्रेक-शू

लायनिंग माझ्या नखाबरोबर उचलून आली, तेव्हा गणेशभाऊंना गाडी घेऊन निघून पंधरा मिनिटं झाली होती. मागे त्यांची आई बसलेली. जायचं होतं कारध्याला, म्हणजे लाखनीतल्या माझ्या दुकानापासून सगळा हायवे.

आधी जरा समजावून सांगतो. जुन्या मोटरसायकलींना डिस्क नसते, चाकाच्या मधोमध ड्रम असतो. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू. ब्रेक दाबला की शू फाकतात आणि त्यांच्यावरची लायनिंग, म्हणजे घासायची पट्टी, ड्रमला आतून घासते. आमच्या या शूंवर ती गोंदानं चिकटवलेली होती. अशी पट्टी सुटून ड्रममध्ये अडकली तर चाक जागीच जाम होतं. पुढचं चाक जाम झालं तर गाडी थांबते, माणसं थांबत नाहीत.

गणेशभाऊंचे वडील याच गाडीवर तलावाचे मासे बाजाराला न्यायचे. ते गेल्यावर गाडी सात-आठ वर्षं पडवीत उभी होती. गणेशभाऊंची अट एकच. "मिस्त्री, सामान ओरिजिनल पाहिजे. डुप्लिकेट लावाल तं मी गाडी नेतच नाई."

जुन्याच शूवर नवी पट्टी बसवून आणतो म्हटलं, तर नको. मग दोन महिने मी शोधत फिरलो. शेवटी भंडाऱ्यात, बंद पडलेल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानाच्या माळ्यावर दोन जोड सापडले. तेलकट कागद, खोक्याचं सील शाबूत, चाळीस वर्षांपूर्वीचा माल. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी कॉलर ताठ करून घरी आलो.

एक जोड पुढच्या चाकात बसवला. दुकानासमोर दोन चकरा मारल्या, ब्रेक कडक लागला. मागचे शू चांगले होते, त्यांना हात लावला नाही. गणेशभाऊंच्या आई, म्हणजे आमच्या काकू, त्या दिवशी लाखनीला बहिणीकडे आलेल्या होत्या. नवऱ्याच्या गाडीवर बसूनच घरी जाईन म्हणाल्या. निघताना मी गणेशभाऊंना वर बजावलंही, "आता पुढचा ब्रेक बिनधास्त वापरा जी."

दुसरा जोड मिरवायला म्हणून काचेच्या कपाटात ठेवत होतो, तेव्हा पट्टीची कड जराशी उचललेली दिसली. नख घातलं. शिळ्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी अख्खी पट्टी निघाली. आतल्या गोंदाची भुकटी झाली होती. गाडीत बसवलेला जोडही त्याच खोक्यातला.

फोन लावला. वाजला, उचलला नाही. त्या गाडीच्या आवाजात फोन कुठला ऐकू येणार? परत लावला. मग दुकान उघडं टाकून स्कूटर काढली.

पुढचे ट्रक अचानक ब्रेक मारायचे आणि त्यांचा लाल दिवा लागला की मी मान वाकडी करून पुढे गणेशभाऊंची गाडी शोधायचो. गणेशभाऊ सांगितलं ते ऐकणारा माणूस. वापरा म्हटलं म्हणजे वापरणारच. आणि सांगणारा मीच. एका ढाब्याजवळ रस्त्याच्या कडेला गर्दी दिसली. स्कूटर तशीच टाकून धावलो. धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर पंक्चर झाला होता. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, ट्रॅक्टरवाला भडकला.

"हसून काहून राहिले जी? पंक्चर कधी पाह्यला नाई का?"

कारध्याला पोहोचलो तर गाडी अंगणात उभी. काकू खाटेवर बसून पाणी पीत होत्या.

"मिस्त्री? काई राहिलं का जी?" गणेशभाऊंनी विचारलं.

मी सरळ खाली बसलो आणि ड्रमला हात लावला. ब्रेक वापरला की ड्रम तापतो. मागचा चटका बसेल इतका तापला होता. पुढचा थंडगार.

"पुढचा ब्रेक लावला नाही?"

"लावला होता एकदा. निघाल्या निघाल्या."

"मंग?"

"मंग मी पाठीत बुक्की घातली," काकू म्हणाल्या. "याचे बाबा सांगून गेले, पुढच्या ब्रेकले हात लावला का माणूस तोंडावर पडते. रस्ताभर मी याच्या बोटाइकडेच पाहून राहिली होती."

ही समजूत साफ चुकीची आहे. गेली तीस वर्षं मी तिच्याशी भांडतो आहे. त्या दिवशी मात्र भांडलो नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला पाना घेऊन चाक खोलायला लागलो. एका शूची पट्टी निम्मी सुटून लोंबत होती. ब्रेक एकदा जोरात दाबला असता तर संपलंच असतं.

काकूंना दाखवलं. त्यांनी पट्टी बोटानं हलवून पाहिली. मग मलाच राहवेना.

"काकू, पुढचा ब्रेक वापराचाच नव्हता तं ओरिजिनलसाठी मले दोन महिने कायले फिरवलं?"

"गाडी याच्या बाबाची आहे जी. सामान ओरिजिनलच पाहिजे. ब्रेक लावाले थोडी!"

तेव्हापासून सीलबंद शू आला तरी मी त्यावर नवीच पट्टी बसवतो, गिऱ्हाईक कितीही रुसो. सील धूळ अडवतं, वर्षं अडवत नाही. पुढचा ब्रेक वापरा, हे सगळ्यांना अजूनही सांगतो. फक्त काकू मागे बसलेल्या असल्या तर सांगत नाही.