न आलेला ठसका

हे मी कोणालेच सांगतलं नाई. नवऱ्याले नाई, मायले नाई. देवापुढं हात जोडते तवाही तेवढं सोडून बाकीचं बोलते. तुमाले सांगून राह्यली, कारन तुमी आमच्या ताईले पाह्यलं नाई. पाह्यलं असतं तं मायं तोंड उघडलंच नसतं.

मी फार शिकलेली नाई, नववीत शाळा सुटली. जसं बोलता येते तसंच सांगते. मागचं पुढं होईन — होऊ द्या.

ताई म्हनजे मायी मोठी जाऊ. बोरगावात आमी एकाच घरात राह्यतो. तिच्या लग्नाले लई वर्सं झाली, पन कूस उजवली नाई. माया आरुष झाला तवा त्याले पायावर घेऊन आंघोळ तिनंच घातली. रात्री रडला तं माया अगोदर तीच उठे. लेकरू माया पोटचं का तिच्या, असं शेजारच्या बाया हसून विचारत. ती लाजे.

अन् मायं बाळंतपनाचं पथ्य. सासूचं लई कडक. तिखट नाई, तळलेलं नाई, दुधातून लेकराले लागते म्हने. मेथी अन् भाकर, भाकर अन् मेथी. एक दिवस घास हातात धरून मी रडली. तिखटासाठी कोनी रडते काय? मी रडली.

ताईनं पाह्यलं. म्हनली, "काऊन जीव कोंडून राह्यली वं? जा एखाद्या दुपारी, खाऊन ये. लेकरू हाये ना मायाजवळ."

वर्ध्यात तवा एक नवीन हॉटेल निघालं होतं, शेजवानचं. मायी मैत्रीण पायल केळझरहून येनार होती, तिनंच बोलावलं. सासूले मी सांगतलं — कंबरेच्या औषधाले दवाखान्यात चालली. ताईले खरं सांगतलं. अन् तिचा हात धरून म्हनलं, "ताई, मेलं तरी सांगू नोका." हे ध्यानात ठेवा. हे मीच म्हनलं होतं.

हॉटेल काई मोठं नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर खरखर करनारा पंखा. रांधनारा भाऊ दार्जिलिंगकडचा, तो सोताच बाहेर येऊन म्हनला, "दीदी, जीभ सुन्न होगा, डरना नहीं." बशी आली तं वर नुसत्या सुक्या लाल मिरच्या, त्यात कोंबडीचे बारके तुकडे शोधा लागे. गाडीवरचा लाल भात मी शेजवान समजत होती. हे तं दुसरंच होतं.

पायल म्हनली, "अवं, ह्या मिरच्या खायच्या नसतात. बाजूले सारायच्या."

"मंग टाकल्या काऊन?"

"तुया सासूसारख्या. असतात, पन चावायच्या नाई."

मी किती हसली. पायल चमच्यानं खाय, मी हातानं. बाजूले सारायच्या मिरच्याही वेचून खाल्ल्या, बशीतलं तेल बोटानं पुसून चाटलं. नाकातून पानी, डोळ्यातून पानी, जीभ बधिर, अन् मी हसून राह्यलती. त्या जेवनाचा मले आजही राग येत नाई. हेही सांगून टाकते.

हात धुतले होते मी. साबनानं धुतले होते. पन ते तेल होतं, मिरचीचं — साबनानं जाते काय ते?

घरी आली तं ताईनं लेकराले आंघोळ घालून, पावडर लावून ठेवलं होतं. म्हनली, "काजळ तेवढं तू लाव. मायच्या हातचं बरं असते." मी डबीत बोट फिरवलं. एक डोळा भरला, मंग दुसरा.

तो जो ओरडला — मी तसं रडनं त्याच्या अगोदर आयकलं नव्हतं, नंतरही नाई. लाल झाला, हातपाय ताठ केले, डोळे असे मिटले का उघडेनात. ताई पान्याले धावली. मी बोट नाकाजवळ नेलं. वास आला. मले तवाच समजलं. नंतर समजलं असं नाई, तवाच समजलं. मी त्याच्या डोळ्यात दूध पिळलं, पदरानं पुसलं, अन् गप राह्यली.

सासू आली. म्हनली, "कोनाजवळ होतं लेकरू?"

"ताईजवळ."

खोटं होतं काय ते? नव्हतं ना? पन ते मी कसं म्हनलं, कोनत्या आवाजात म्हनलं, ते मले माईत हाये.

सासूनं मीठ-मिरच्या घेतल्या, लेकरावरून उतरवल्या अन् अंगनातल्या चुलीत टाकल्या. आमच्याकडं असं हाये — मिरच्या जळल्या अन् ठसका आला तं काई नाई, लेकराचं दुसरं काई दुखत असन. ठसका नाई आला तं नजर लागली. ज्याच्याजवळ लेकरू होतं, त्याची. सासूचं नाक तवा सर्दीनं बंद होतं. धूर सारा मायाकडं येऊन राह्यला होता. तिनं मलेच विचारलं.

"ठसका आला काय वं?"

घसा जळत होता माया. छातीतून खोकला वर येऊन राह्यला होता. मी पदर तोंडात कोंबला, श्वास धरला. डोळ्यातून धारा. सासूले वाटलं, लेकरासाठी रडून राह्यली. "हो" म्हनलं असतं तं सासूनं दुसरं कारन शोधलं असतं. हात पाह्यले असते, वास घेतला असता, दवाखाना निघाला असता, हॉटेल निघालं असतं.

मी म्हनलं, "नाई."

जीभ बधिर होती म्हनून नाई. तोवर ती चांगली झाली होती.

ताई पान्याचा गडू घेऊन दारात उभी होती. "ही हॉटेलात गेलती" एवढं म्हनली असती तं सारं फिरलं असतं. तिनं मायाकडं पाह्यलं, मंग खाली पाह्यलं. गडू उंबऱ्यावर ठेवला अन् आत गेली. तिले बोटाचं माईत नव्हतं. तिले फक्त एवढं माईत होतं का मले वचन देल्लं हाये.

आरुषचे डोळे दुसऱ्या दिवशी साफ झाले. मंग मी काऊन नाई बोलली? तवा तं भेव संपलं होतं ना? नव्हतं संपलं. आता दोन खोटी झाली होती, दवाखान्याचं अन् ठसक्याचं. मंग रोजचं गप राह्यनं, ते तिसरं.

त्या दिवसापासून सासूनं लेकरू ताईच्या हातात देल्लं नाई. जावळाच्या दिवशी सारे अंगनात अन् ताई आत पोळ्या लाटून राह्यली. पन खरं ते नाई. खरं हे, का ताईलेच पटलं. एकदा मले म्हनली — मलेच — "मायी नजरच तशी असन वं. लई जीव लावला ना मी." मी भांडे घासत होती. घासतच राह्यली.

आता आरुष अंगनवाडीत जाते. "मोठी माय" म्हनून तिच्या अंगावर धावते. ती तोंड फिरवते, मान वळवूनच त्याच्या हातावर गूळ ठेवते.

परवा दुपारी तो खेळता खेळता पडला अन् तिनं त्याले उचललं. सरळ तोंडाकडं पाह्यलं, डोळे भरून पाह्यलं, मंग घाबरून खाली ठेवलं. थोड्या वेळानं मी मागच्या अंगनात गेली. ताई चुलीपुढं एकटीच बसलेली. विस्तवात मिरच्या टाकल्या होत्या. धुरात तोंड खुपसून वाट पाहून राह्यली होती. मंग तिले ठसका आला. खोकता खोकता ती हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली.

मी भिंतीआड उभी होती. धूर मायाकडंही आला.

मी पदर तोंडात कोंबला.