दावीदने न कांडलेलं गाणं

पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ आणि मेलेली सासू, दोघांना एका कॉम्प्युटरात जागा होईना, यावरून दावीद आणि त्याची बायको ग्रेसी यांची जुंपली होती. मी कुडाच्या अलीकडे तुरीच्या शेंगा सोलत होते. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून शेंगा जरा हळू सोलल्या.

"जिती होती तेव्हा मला तोंड उघडू दिलं नाही तिने," ग्रेसी म्हणाली. "आता तिचं एकच गाणं दोनदा? एक लहान, एक मोठं? पूस ते मोठं."

"नाही पुसणार. लहान म्हणजे कांडलेला तांदूळ, मोठं म्हणजे सालासकट भात. तांदूळ पेरून उगवतो का काही?"

"मग रविनाचं लग्न कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

"करतो जागा. आठ दिवस दे."

दावीदला जाऊन आता वर्ष होईल. नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला टेकलेलं आमचं गाव. नात्याने मी त्याची फुई, म्हणजे आत्या. वसतिगृहावर वॉचमन होता. नोकरीतून सुटला तेव्हा तिथल्या सरांनी त्याला एक टाकाऊ कॉम्प्युटर दिला आणि त्यात लिनक्स घालून दिलं. लिनक्स म्हणजे काय ते मला विचारू नका, मी दुसरीतून उठलेली. फुकट मिळतं आणि म्हातारी यंत्रं त्यावर चालतात, एवढं कळलं. ऐकून मलाही बरं वाटलं.

दर रविवारी तो चर्चमधली आमच्या बोलीतली गाणी एका यंत्रात धरायचा. तशी धरलेली गाणी फार जागा खातात म्हणे. म्हणून शनिवारी ती लहान करून मेमरी कार्डात भरायची, कार्डं काडेपेटीत घालायची आणि सायकलवरून घरोघर द्यायची. ऊसतोडीला गुजरातेत जाणारी माणसं तर त्या कार्डावरच हंगाम काढत. मोठी गाणी मात्र एकही पुसली नव्हती. त्यातच त्याच्या आईचं, सोनीबाईचं, भातलावणीच्या वेळचं गाणं. अंगणात म्हटलेलं. मागे आम्ही चौघी टाळ्या देत होतो. त्यात माझ्याही टाळ्या आहेत हे ग्रेसीला आठवलं नाही, मीही आठवण दिली नाही.

दावीदने ठरवलं, आईचं गाणं तेवढं अख्खं ठेवायचं, बाकी सगळी कांडून मोठी पुसून टाकायची. पडदा काळा करायचा, त्यावर एक लांब ओळ लिहायची, बटण दाबायचं. मग यंत्र एकामागून एक गाणं आपणच कांडत बसे. गिरणीत भात टाकून माणूस बाजार करून येतो, तसा हा म्हशीला पाणी पाजून यायचा.

पण किती बारीक कांडायचं? तिसऱ्या दिवशी तो फोन घेऊन माझ्याकडे आला. आवाज मोठा यावा म्हणून फोन माझ्या पातेल्यात ठेवला आणि एकच गाणं दोनदा वाजवलं.

"फुई, काही फरक?"

"आधीच्यात बाया टाळ्या देतात. नंतरच्यात कोणी सुकल्या पानांवरून चालतंय."

त्याचं तोंड उतरलं. "पोरांना तर कळलं नाही. बत्तीसवर केलेलं ते; आकडा जितका लहान तितकं गाणं बारीक. आता चौसष्टवर करावं लागेल."

"मग कर."

"जागा कमी सुटेल ना. आईचं बसलं नाही तर?"

"ग्रेसीला सांग."

"तूच सांग."

आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. चौसष्टवर केलेलं त्याने परत पातेल्यात वाजवलं. टाळ्या टाळ्यांसारख्या आल्या. नशीब, मोठी मोठी पुसत गेल्यावर आठव्या दिवशी तेवढ्यातही जागा झाली. लग्न आत गेलं आणि सोनीबाई होती तशी राहिली.

ग्रेसी पदराला हात पुसत आली. "बसली का दोन्ही?"

"बसली. शेजारी शेजारी."

"लग्नाला थांबली नाही म्हातारी," ग्रेसी म्हणाली, "आणि आता बघ, पहिल्या रांगेत." आणि स्वतःच हसली. संध्याकाळी तिने आधी लग्न लावलं नाही, सासूला लावलं. मी कुडाच्या अलीकडेच होते.

त्याच्या शेवटच्या शनिवारी तो आला, तेव्हा काडेपेटीतून माझ्या हातावर दोन कार्डं ठेवली.

"हे रोजचं. आणि यात आईचं मोठं गाणं आहे. आमचा कॉम्प्युटर काही माझ्याहून जवान नाही. तू बियाणं थोडं शेजारी देऊन ठेवतेस ना, तसं तुझ्याकडे राहू दे."

"माझ्या फोनात वाजेल?"

"तुझ्या साध्या फोनात नाही वाजणार. ठेवायचंय फक्त."

मी ते वालाच्या बियाण्याच्या गाठोड्यात बांधलं. त्याने मागच्या आठवड्याचं कार्ड परत मागून घेतलं, कोरा चहा बशीत ओतून प्यायला आणि दर शनिवारी सांगायचा तेच सांगितलं, "फुई, आधी फोन बंद कर, मग कार्ड घाल." मग काडेपेटी खिशात टाकून, सायकल ढकलत, पुढच्या घरी गेला.