अंगावर शिवलेला झगा

आमच्या गल्लीत दोन मास्तरणी. एक शिकवणारी, ती मी. आणि एक शिवणारी. माझं मास्तरपण निवृत्तीबरोबर संपलं, तिचं अजून जोरात चालू आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, मध्ये एक पडदा. तोंडात टाचण्या धरून ती बोलते आणि तरी तिचा शब्द न् शब्द कळतो. माप देताना एखाद्यानं पोट आत ओढलं की म्हणते, "सोडा श्वास. कपडा तुम्हाला घालायचाय, फोटोला नाही."

तिच्या हातचा कपडा अंगावर बसला नाही असं कधी झालं नाही. बसला नाही तो फक्त तिच्या लेकीच्या अंगावर.

लेकीला सगळे ठकू म्हणतात. ठकू नऊ वर्षांची. बोलते मोजकं, पण खणखणीत. दुकानातली बटणं ती रंगावरून नाही, भोकांवरून वेगळी करते. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे. कुणी मिसळली तर दिवस वाया. मिक्सर लागला की कान झाकते. आणि लहानपणापासून नवा कपडा घातला की क्षणात ओरबाडून काढते. "आई शिंपीण आणि पोर उघडी," हा नणंदेचा टोमणा मास्तरणीला सुईपेक्षा खोल लागायचा.

त्याहून खोल लागलं ते सासूबाईंचं बोलणं. "पोटुशी असताना दिवस भरेपर्यंत मशीन मारत होतीस. ती घरघर पोरीच्या डोक्यात शिरली, दुसरं काय?" मास्तरणीनं वाद घातला नाही. तिला ते पटलंच. ठकू घरात जागी असली की ती मशीनवर पाय ठेवत नसे. कामं रखडायची, गिऱ्हाइकं बोलायची. ती ऐकून घ्यायची, जणू हे ऐकणं तिच्या वाट्याचंच होतं.

ठकू पाच वर्षांची असताना पुतणीचं लग्न निघालं. मास्तरणीनं लेकीसाठी झगा शिवला. नेटचा घेर, गळ्याला कडक लेस, पाठीला हुक. दुकानात टांगला तेव्हा येणारा-जाणारा थबकायचा. पण ठकू हात मागे नेऊन हुक काढायची आणि झग्यातून बाहेर यायची. लग्नाच्या सकाळी हे तीनदा झालं. गाडी दारात, नणंद घड्याळ दाखवतेय. मास्तरणीनं सुईत दुहेरी दोरा ओवला, पोरीला गुडघ्यांत घट्ट धरलं आणि झगा पाठीवर, अंगावरच, शिवून टाकला. पक्के, जवळजवळ टाके. दुसऱ्या कुठल्या आईला हे सुचलं नसतं, आणि सुचलं तरी जमलं नसतं.

"याला म्हणतात हात!" नणंद टाळी वाजवत म्हणाली.

ठकू खूप ओरडली, मग एकदम गप्प झाली. मांडवात दिवसभर भिंतीला टेकून बसून राहिली. सगळे म्हणाले, बघा कशी शहाण्यासारखी बसलीय. संध्याकाळी टाके उसवले तेव्हा मानेभोवती आणि काखेत लालभडक वळ होते. मलम लावलं, विषय संपला. घरात पुढे ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाऊ लागली.

ठकूचा विषय मात्र संपला नाही. तिनं आईला पुन्हा माप घेऊ दिलं नाही. टेप दिसला की पडद्याआड. बापाच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या बनियनमध्ये ती वावरायची. गणवेश अंगावर ठरेना म्हणून शाळाही सुटली.

यंदा दुसऱ्या एका शाळेत नाव घालायला नेलं, तेव्हा तिथल्या बाईंनी सुचवलं, की आधी तिला मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना दाखवा. ठकूचे वडील बसवर ड्रायव्हर, त्यांना सुट्टी मिळेना, म्हणून मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. दोन-तीन भेटींत ठकूशी खेळल्या, तिनं बरोबर आणलेली बटणं बघितली, आईला खोदून खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "ही स्वमग्नता आहे. ऑटिझम. तिचा मेंदू जन्माआधीपासूनच वेगळ्या घडणीनं वाढलाय. एकच असं कारण नसतं. बरंचसं आनुवंशिक असतं, बरंचसं आम्हालाही अजून पूर्ण कळलेलं नाही."

मास्तरणीनं पदर नाही, टेपच बोटांना गुंडाळला होता. दुकानातून निघताना तो गळ्यात तसाच राहून गेला होता. "मी पोटुशी असताना मशीन..."

"मशीननं होत नाही. तुमच्या रागवण्यानंही नाही. मशीननं झालं असतं तर सगळ्या शिंपिणींची मुलं अशीच नसती का?"

मास्तरीण हसली. किती वर्षांनी अशी मोकळी हसली असेल! आणि त्या हसण्याच्या भरात, कपड्यांचं काय करता असं डॉक्टरांनी विचारल्यावर, तिनं लग्नातली गंमत सांगायला घेतली. "अहो, एकदा तर मी झगा अंगावरच शिवला..." नणंदेच्या टाळीपर्यंत आली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मास्तरीण वाक्याच्या मध्येच थांबली.

"अशा काही मुलांना स्पर्श फार तीव्र लागतो," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "आपल्याला जी लेस, ती तिला काटेरी तार असू शकते. ती गप्प झाली, ती शहाणी झाली म्हणून नाही. तिच्यात ओरडायचं बळ उरलं नसेल."

पुढे त्यांनी काय करायचं ते सांगितलं. मऊ कापड, जाड शिवण बाहेरच्या बाजूला. काही बदलायचं तर आधी सांगायचं, चित्र काढून दाखवायचं. गोंगाट झाला तर जायला एक शांत कोपरा. हात लावण्याआधी विचारायचं. शाळेशीही बोलू म्हणाल्या. मास्तरीण मान हलवत होती, पण ती अजून त्या वाक्याच्या मध्येच उभी होती.

परतताना ती म्हणाली, "बाई, मशीनचं ओझं माझं नव्हतं, ते मी वाहिलं. आणि हे माझं होतं, ते हसत हसत वाटत फिरले."

नाही म्हणणं खोटं ठरलं असतं.

त्यानंतर तिनं क्षमा मागण्याचा सपाटाच लावला. ठकू दिसली की डोळ्यांत पाणी. "चुकले गं बाळा, आईचं चुकलं." ठकू कान झाकायची. एकदा म्हणाली, "आई, रडायचा आवाज नको." वडील ताट पुढे ओढत म्हणाले, "ऐक तिचं. पोरीला त्रास तिचा तिला पुष्कळ आहे, वर तुझा कशाला?" त्या दिवसापासून मास्तरीण लेकीसमोर रडली नाही. रडू थांबलं असं नाही. ती आता पाणी भरताना, नळ सोडून रडते.

नव्या शाळेनं रंग तोच ठेवून मऊ कापडाला परवानगी दिली. कापड आलं. शाळा सोमवारी सुरू होणार, आणि माप तर हवं. शनिवारी दुपारी मी ब्लाउजची बाही उसवून घ्यायला गेले, तेव्हा मास्तरीण जमिनीवर बसली होती आणि टेप ठकूच्या हातात होता.

"माझं घेतेस?" आईनं विचारलं.

ठकूनं घेतलं. मनगट, खांदा, मग गळा. टेप गळ्याभोवती जरा जास्तच आवळला गेला. मास्तरीण हलली नाही. ठकूनं आकडा मोठ्यानं वाचला आणि सैल केला.

"आता तुझं घेऊ?"

"नाही."

मी बघत होते. मास्तरणीचा हात अर्धा पुढे आला होता. सोमवार तोंडावर होता, आणि पोर तर समोरच, हाताच्या अंतरावर. तिनं हात मागे घेतला.

"बरं," ती म्हणाली.

ठकूनं तिच्याकडे नाही, टेपकडे बघितलं. "नाही," ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं.

"बरं."

"नाही!"

"बरं गं."

असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी ठकू टेप गुंडाळून पडद्याआड गेली, बनियनमध्येच. मास्तरणीनं तसलाच एक जुना बनियन दोरीवरून ओढला, टेबलावर पसरला आणि त्याच्या कडेनं नव्या कापडावर खडू फिरवू लागली. शिवणीसाठी माया जास्त सोडली. सैल झाला तर झाला.

"घालेल?" मी विचारलं.

"नाही घातला तर शाळेला उशीर होईल, एवढंच," ती म्हणाली. खडूची रेघ वाकडी गेली होती. तिनं ती पुसली आणि पुन्हा ओढली.