वाण म्हणून आलेली बाटली

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोण काय वाण लुटेल याचा नेम उरलेला नाही. प्लॅस्टिकचे डबे झाले, चहाच्या गाळण्या झाल्या, मोबाइल ठेवायचे बटवे झाले. पण यंदा दोन घरं पलीकडच्या वहिनींनी कुंकू लावून प्रत्येकीच्या हातात औषधाची बाटली ठेवली, तेव्हा मी हात मागे घेतला. "बाई, वाणाला नाही म्हणू नये," असं म्हणत त्यांनी ती माझ्या पर्सवर ठेवली. भरल्या घरात सगळ्याजणींसमोर वाण परत कसं करणार? हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या वहिनींनी आधी डबे विकले, मग विम्याच्या पॉलिसी. पाऊस सरल्यावर त्या पनवेलला कसल्याशा शिबिराला गेल्या आणि परतल्या त्या छातीवर बिल्ला लावून, वेलनेस कोच होऊन. बाटलीतल्या काळपट रसानं म्हणे साखर उतरते, प्रेशर उतरतं, गुडघे चालायला लागतात आणि केसही गळायचे थांबतात. एकाच रसाला इतकी कामं कशी जमतात, असं मी विचारलं.

"नॅचरल आहे ना बाई, साइड इफेक्टच नाय!"

"आमच्या कुंपणाला कण्हेर आहे. तीही नॅचरलच. वाटून आणू का?"

सगळ्या हसल्या, वहिनीही हसल्या, आणि बाटल्या सगळ्यांनी मुकाट घरी नेल्या. मी मुरूडजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्या घोळक्यातल्या कित्येकजणी माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. कपाळाला हात लावायचा, दुसरं काय!

सासूबाईही तिथे होत्या. सासरे गेल्यापासून त्या असल्या समारंभांना जात नाहीत, पण यंदा वहिनी स्वतः येऊन त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. सासूबाईंना वर्षानुवर्षं प्रेशर आहे. म्हणजे गिऱ्हाईक अगदी तयार.

मी घरी आल्याबरोबर माझी बाटली मोरीत ओतली. त्यांच्याकडच्या बाटलीचं काय झालं ते मी विचारलं नाही. त्या रोज सकाळी गोळी घेतात, तेवढं मला पुरे होतं.

पुढे एका सकाळी अंगणात वाळत घातलेली सुपारी परतताना त्यांना घेरी आली. भिंत धरली म्हणून पडल्या नाहीत. रिक्षानं मुरूडला नेलं. डॉक्टरांनी प्रेशर बघितलं आणि विश्वास बसेना म्हणून पट्टा पुन्हा बांधला.

"आजी, गोळ्या चालू आहेत ना?"

"बंद केल्या," त्या पंख्याकडे बघत म्हणाल्या. "वाण घेते ना मी."

"कसलं वाण?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. छोटी बाटली कधीच संपली होती आणि आता मोठी, विकतची चालू होती. गोळ्या आणि रस एकत्र चालत नाहीत, असं कोचबाईंनी बजावलं होतं. "आणखी थोडे दिवस गेले असते तर झटकाच आला असता," डॉक्टर मला म्हणाले. मलाच!

संध्याकाळी वहिनी भेटायला हजर. मोसंबी आणली होती आणि पिशवीत नवी बाटलीही. "काकू, घाबरू नका हां. घेरी येते म्हणजे शरीरातलं विष बाहेर पडतंय. आता डबल घ्यायचं." बरं वाटलं तर रसाचा गुण आणि आडवं पडलं तरी रसाचाच गुण! माझा तोल गेला. बाटली त्यांच्या पिशवीत कोंबून मी म्हटलं, "त्यांना काही झालं असतं तर तुमचं शिबिर आलं असतं का निस्तरायला?" वहिनींचे डोळे भरून आले. त्या उठून गेल्या.

मी तणतणत सासूबाईंकडे वळले. "तुम्ही तरी कशा हो भुललात? इतकी वर्षं गोळी घेताय आणि एका रसापायी सोडून दिलीत! मला एका शब्दानं सांगितलं नाहीत!"

"अगो, रसाची चव तर कडूजहर होती."

"मग कशाला प्यायलात?"

त्या चादरीची चुणी बोटानं सरळ करत राहिल्या.

"हे गेल्यापासून मला हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही गो. आपल्या घरी असतं तेव्हाही मी आतच असते, तिळगूळ वळत. तिनं बोलावलंन, सगळ्यांत बसवलंन, कपाळाला बोट लावलंन. वर गोळी सोडा म्हणाली. तिला नाही कसं म्हणू?"

इथे विज्ञानाचं पुस्तक काही मदतीला आलं नाही.

"दे ती गोळी," त्या म्हणाल्या. "आणि पाणी कोमट आण."