ढिल्या ब्लॉकची ऑर्डर

“हा उघडत का नाही हो?” देवधर सरांनी बंदुकीच्या पहिल्या मॉडेलची दांडी पुन्हा ओढली. ब्लॉक ढिम्म. मग त्यांनी शेजारच्या दुसऱ्या मॉडेलची दांडी ओढली. तोही ढिम्म. दुसरा उघडायचा नव्हताच. पण पहिला उघडायलाच हवा होता, नाहीतर सगळ्या कामाला अर्थच उरत नव्हता.

आमच्या टूलरूमची माणसं टेबलाभोवती उभी होती आणि सगळ्यांचे चेहरे खुललेले होते. त्यांच्या मते ट्रायल झकास झाली होती. दोन्ही ब्लॉक घट्ट, कुठे खडखड नाही, अजून काय पाहिजे? मी मात्र देवधर सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

सिल्वासातल्या एका प्लॅस्टिक कंपनीत मी टूलरूम सांभाळते. बादल्यांची झाकणं, मिक्सरची बटणं, बाटल्यांची बुचं ज्या पोलादी साच्यांतून निघतात, ते साचे म्हणजे मोल्ड. ते जिथे बनतात आणि दुरुस्त होतात ती टूलरूम. गेल्या दिवाळीनंतर आमचे मालक जयेशभाई यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “वर्षाबेन, मोल्ड तो बहारथी सस्ता मळे छे. टूलरूम बंद करी दईए. जागा खाली होईल तिथे पॅकिंगचं मशीन बसवू.” माझ्या सगळ्या माणसांचं पुढे काय, असं विचारलं तर म्हणाले, वापीत खूप कारखाने आहेत. मला राग आला. मी म्हणाले, “मला थोडा वेळ द्या. मोल्ड सोडून दुसरं काम आणून दाखवते.” ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

मी आणलेलं दुसरं काम म्हणजे ही मॉडेल्स. देवधर सर लष्कराच्या शस्त्रदुरुस्ती खात्यातून निवृत्त झालेले, पुण्याचे. एका खासगी संग्रहालयासाठी जुन्या बंदुकांच्या रचना लोकांना हाताने चालवून बघता याव्यात, अशी त्यांची कल्पना होती. पहिली जोडी पसंत पडली तर पुढची सगळी मॉडेल्स आम्हाला. नाही पडली तर पुण्यातलं एक वर्कशॉप तयारच होतं.

बंदूक म्हटल्यावर जयेशभाई खुर्चीतून उठलेच. “पुलिस आवशे, बेन!” त्यांना समजावून सांगावं लागलं की मॉडेल खऱ्याच्या दुप्पट आकाराचं आहे, ॲल्युमिनियमचं आहे, एका अंगाने कापून उघडं ठेवलेलं आहे, आणि नळी म्हणजे नुसता भरीव गज आहे. त्यातून गोळी काय, टाचणीही जाणार नाही.

आता ब्लॉकची गोष्ट. आधी होत्या ठासणीच्या बंदुका. नळीच्या तोंडातून दारू घालायची, गोळी घालायची, सळईने ठासायची. उभं राहून हे सगळं करेपर्यंत समोरचा तुम्हाला टिपून मोकळा. मग मागच्या बाजूने काडतूस भरायची युक्ती निघाली. काही ठिकाणी नव्या बंदुका बनवण्याऐवजी जुन्याच ठासणीच्या बंदुकांची मागची बाजू कापली आणि तिथे बिजागरीवर उघडणारा एक ठोकळा बसवला. हा आमचा ब्लॉक. उघडा, काडतूस सरकवा, बंद करा, झाडा.

आधीच्या बंदुकांत तो ब्लॉक बंद राहायचा एका स्प्रिंगवरच्या गुंडीच्या जोरावर. कपाटाच्या दाराला असतं तसं, गुंडी खाचेत बसली की दार लागतं. बंदूक नवी असेपर्यंत ठीक. पुढे स्प्रिंग मऊ पडायची, खाच झिजायची. अशा वेळी एखादं काडतूस फाटलं की धूर आणि जाळ मागे यायचा आणि ब्लॉक फाडकन उघडायचा. नंतर कुणीतरी सुधारणा केली. ब्लॉकला एक खिटी लावली. अंगठ्याने खिटी दाबल्याशिवाय ब्लॉक उघडत नाही. एवढीशी सुधारणा, पण शिपायांचे डोळे वाचले.

देवधर सरांना हेच दाखवायचं होतं. पहिलं मॉडेल खिटीआधीचं, झिजलेलं. दुसरं खिटीनंतरचं. दोन्हींना खाली एक दांडी. दांडी ओढली की पुढून एक दट्ट्या ब्लॉकला ढकलतो, फाटलेल्या काडतुसातून येणाऱ्या धुराची नक्कल म्हणून. पहिला ब्लॉक उडून उघडला पाहिजे, दुसरा बंद राहिला पाहिजे. लहान मुलालाही न सांगता कळेल.

आणि आमच्या लोकांनी पहिला ब्लॉक दुरुस्त करून ठेवला होता.

“बुधवार आहे आज. शुक्रवारी टेम्पो निघायला हवा, रविवारी उद्‌घाटन आहे,” देवधर सर शांतपणे म्हणाले. “वर्षाताई, मी हॉटेलवर आहे. उद्या संध्याकाळी परत येतो. तेव्हाही हा असाच असेल तर मात्र मला पुण्यात फोन करावा लागेल.” एवढं बोलून ते गेले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी मॉडेल खोलायला लावलं. एकेक पार्ट टेबलावर आला तसा गुन्हा उघड होत गेला.

खाच मूळ ड्रॉइंगपेक्षा खोल होती. हे निलेशचं काम. निलेश आमचा डिझाइनवाला, आईवडील धुळ्याचे, स्वतः इथेच वाढलेला. तो म्हणाला, “मॅम, सिम्युलेशनमध्ये ब्लॉक ओपन होत होता. मला वाटलं एरर आहे. सो मी पॉकेट डीप केलं आणि ड्रॉइंग रिव्हाइज केलं. खुलना नहीं चाहिए ना वो?” ड्रॉइंगच बदललेलं, त्यामुळे तपासणीतही खाच पास.

स्प्रिंग मोल्डमधली होती, तगडी. बिजागरीची पिन मापापेक्षा जाड ठेवून गच्च बसवली होती. हे दोन्ही साहेबरावांचं. साहेबराव आमचे फिटर, शिरपूरकडचे. माझ्या आधीपासून इथे आहेत.

“साहेबराव, ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ढिलं ठेवा म्हणून.”

“लिहेल व्हतं मॅडम. वाचलं मी. पन म्हटलं, लिहिनाऱ्याची गलती झाली आसंल. ढिलं ठेवा असं कोनी लिहितं का? म्हनून सांभाळून घेतलं.”

हे सांभाळून घेणं आमच्या धंद्यात मुरलेलं आहे. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग अर्धवट येतं, चुकीचं येतं, कधी कधी मोबाईलवरच्या फोटोच्या रूपात येतं. त्याला फोन करून तुझं चुकलंय म्हणायचं नसतं. चुपचाप बरोबर करून द्यायचं. माल चालला की गिऱ्हाईक खूश, पुढची ऑर्डर पक्की. आमची टूलरूम वर्षानुवर्षं याच सवयीवर चालली आहे, आणि त्या बुधवारी याच सवयीने ती बंद पडायची वेळ आली होती. मी भडकले. जे बोलायचं नव्हतं तेही बोलले. साहेबराव खाली मान घालून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “ठीक आहे मॅडम. करतो ढिलं. पन मन लागायचं नाही.”

आणि त्यांनी केलं ढिलं, पण रागाने. मूळची मऊ स्प्रिंग घातली, पिन बारीक घासली, खाच कानशीने खरवडून टाकली. गुरुवारी सकाळी मी दांडी ओढली. ब्लॉक उघडला. परत ओढली, उघडला नाही. मग उघडला, मग अर्ध्यात तिरका होऊन अडकला. एकदा तर दांडीला हात लावायच्या आधीच आपोआप उघडला. साहेबराव हाताची घडी घालून उभे. “ढिलं पाहिजे व्हतं ना? घ्या ढिलं.”

आता माझ्या लक्षात आलं की अडचण वेगळीच आहे. दिवसभर शेकडो लोक दांडी ओढणार. प्रत्येकाला ब्लॉक उघडलेला दिसला पाहिजे. म्हणजे हे मॉडेल बिघडलेलं असून चालणार नव्हतं. ते दर वेळी, न चुकता, एकाच पद्धतीने बिघडलं पाहिजे होतं. ढिलं काम तसं वागत नाही. ढिल्या कामाचा काही भरवसाच नसतो.

मी खुर्ची ओढून साहेबरावांसमोर बसले. डोकं जरा थंड झालं होतं. म्हटलं, “ढिलं हा शब्द सोडा. बुचाच्या मोल्डमध्ये पार्ट साच्याला चिकटून बसला तर काय करता?”

“ड्राफ्ट देतो.” ड्राफ्ट म्हणजे साच्याच्या भिंतीला दिलेला किंचित उतार. तो असला की प्लॅस्टिकचा पार्ट साच्यातून अलगद सुटतो, दर खेपेला सुटतो.

“मग ही गुंडी म्हणजे पार्ट, आणि ही खाच म्हणजे साचा. मला गुंडी खाचेतून सुटायला हवी आहे. ढकललं की सुटली पाहिजे, नाही ढकललं तर बसून राहिली पाहिजे.”

साहेबरावांनी ब्लॉक हातात घेतला, उलटा केला, खाचेवरून नख फिरवलं. मग चिडूनच म्हणाले, “मंग असं सांगा ना मॅडम! सुटायला पाहिजे म्हना. ढिलं काय म्हनता सारखं?”

तिथून पुढे मला फारसं बोलावं लागलं नाही. बिजागरीला नवी, गच्च पिन आली, म्हणजे ब्लॉक तिरका होणार नाही. उताराचं माप काढायला निलेशला बसवलं. आधी सिम्युलेशनमध्ये ब्लॉक उघडताना दिसला की त्याला चूक वाटत होती, आता उघडला की तो टेबलावर थाप मारत होता. ॲल्युमिनियममधली खाच लोकांच्या हाताखाली आठवड्यात झिजली असती, म्हणून साहेबरावांनी तिथे कडक केलेल्या पोलादाचा छोटा तुकडा बसवला आणि त्यात उथळ, उताराची खाच काढून आरशासारखी पॉलिश केली. जेवायलाही उठले नाहीत. झिजलेल्या खाचेची ती नक्कल आमच्या शॉपमधला त्या वर्षातला सगळ्यात काटेकोर पार्ट असेल.

संध्याकाळी देवधर सर आले. त्यांच्या मागोमाग जयेशभाईही आले, आणि त्यांच्याबरोबर पॅकिंग मशीनवाल्यांचा माणूस, हातात टेप घेऊन. त्याने आमच्या ग्राइंडिंग मशीनपाशी टेपचं टोक धरलं आणि जमीन मोजायला सुरुवात केली. साहेबरावांनी त्या माणसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मॉडेलवरचं कापड काढलं.

देवधर सरांनी दांडी ओढली. टक्. ब्लॉक उघडला. बंद केला, ओढली, टक्. ते ओढत राहिले आणि ब्लॉक दर वेळी उघडत राहिला. दुसरं मॉडेल ओढलं. खिटीने ब्लॉक धरून ठेवला. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “साहेबराव, इकडे या. नेम धरल्यासारखं उभं राहा. गाल इथे टेकवा. आता दांडी ओढा.”

साहेबरावांनी गाल टेकवला आणि दांडी ओढली. टक्. ब्लॉक डोळ्याजवळ उसळला तसे ते झटकन मागे झाले.

“हा नुसता ॲल्युमिनियमचा तुकडा,” सर म्हणाले. “खऱ्या बंदुकीत याच्याबरोबर जाळ यायचा. समजा एखाद्या शिपायाने तक्रार केली आणि कारागिरांनी बंदूक नीट तपासलीच नाही. तर तो आंधळा होणार. म्हणून खिटी आली. हे लोकांना कळायचं तर आधी पहिलं उघडलं पाहिजे.”

साहेबराव डोळ्याखाली बोट फिरवत उभे राहिले. “आईशप्पथ,” एवढंच म्हणाले.

आता जयेशभाई पुढे झाले. त्यांनी स्वतः दांडी ओढली. टक्. भुवया वर गेल्या. “आ तो खराब छे!”

“अगदी बरोबर,” देवधर सर म्हणाले. “इतकं छान खराब मला पुण्यात कुणी करून दिलं नसतं. तुमच्या लोकांना पुढची मॉडेल्स द्यायचं ठरलं. त्यांतली बरीचशी अशीच बिघडलेली हवी आहेत.”

जयेशभाईंनी माझ्याकडे पाहिलं. “वर्षाबेन, खराब मालची पण ऑर्डर मळे?” आणि मी उत्तर द्यायच्या आत टेपवाल्याला हाक मारली, “अरे भाई, अहीं रहवा दे. स्टोअरच्या बाजूला मोज.” टेप सर्रकन आत गेला. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी निलेशला उगाच काहीतरी काम सांगितलं.

शुक्रवारी सकाळी मॉडेल्स लाकडी पेटीत भरायची होती. मी पाच मिनिटं ऑफिसात जाऊन आले, तर साहेबराव पेटीवर वाकलेले, हातात स्क्रू ड्रायव्हर.

“साहेबराव, हात मागे घ्या.”

“काही नाही मॅडम. जरा बघत व्हतो. स्प्रिंग अर्धा आटा टाइट केली तर...”

मी स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला, झाकण ठेवलं आणि पेटीला स्वतः खिळे ठोकले. मग टेम्पो नरोलीच्या रस्त्याला लागेपर्यंत साहेबरावांना कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर चहाला बसवून ठेवलं. मधे मधे ते गेटकडे बघत होते. गेली कित्येक वर्षं मी खराब माल बाहेर जाऊ नये म्हणून त्या गेटवर नजर ठेवत आले आहे. त्या दिवशी पहिल्यांदा चांगला फिटर टेम्पोमागे बाहेर जाऊ नये म्हणून ठेवली.

हल्ली असं बिघडलेलं मॉडेल करायचं असलं की ते काम मी साहेबरावांनाच देते, आणि पेटी मात्र मीच बंद करते; खिळे माझ्या टेबलाच्या खणात असतात.